मधमाशीपालनाची वाट शाळकरी मुलांना दाखवताना: नाशिकमधल्या शिक्षकांसाठी आणि नव्या मधपाळांसाठी

शाळेत मधमाशीपालनावर बोलायला बोलावलं की बहुतेक जण मधाच्या बाटल्या घेऊन जातात. मुलं बोट बुडवून मध चाटतात, टाळ्या वाजतात, आभारप्रदर्शन होतं आणि विषय तिथेच संपतो. नाशिक जिल्ह्यात हे काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाटली पिशवीतच राहू द्या. आधी मुलांना कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे फुलांचे दांडे, फुललेल्या वावरात न्या. आपल्याकडे मधमाशीचं मोठं काम मध देण्याचं नाही, बी धरवण्याचं आहे. ते ज्या मुलाला दिसलं, त्याला या धंद्यातल्या रोजगाराच्या वाटाही दिसायला लागतात. मधापासून सुरुवात केली तर त्याला फक्त एक दुकान दिसतं.

ज्यांना शाळेत असा उपक्रम पहिल्यांदाच घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक असाल किंवा दहा-वीस पेट्या असलेले मधपाळ, पायऱ्या त्याच आहेत.

पायरी 1: वेळ आणि वर्ग ठरवा

जागतिक मधमाशी दिन 20 मे रोजी असतो. त्या दिवशी कार्यक्रम करावा असं कुणालाही वाटेल, पण मे महिन्यात आपल्या शाळांना कुलूप असतं. तो दिवस गावातल्या शेतकऱ्यांसाठी ठेवा. मुलांसाठी खरा काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. डोंगळे फुलत असतात, हवा कोरडी असते, पेट्यांमधल्या माश्यांच्या वसाहती भरलेल्या असतात आणि वार्षिक परीक्षा अजून अंगावर आलेली नसते.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागातली शाळा असेल तर दुसरा मुहूर्त आहे: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तेव्हा डोंगरउतारावरची खुरासणी, म्हणजे कारळ्याचं तेलबियांचं पीक, पिवळीधमक असते. खुरासणीचं फूल स्वतःच्याच झाडाच्या परागावर बी धरत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि तो आणण्यात मधमाशीचा वाटा मोठा. पावसाची झड असताना मात्र कार्यक्रम ठेवू नका. अशा हवेत पेटी उघडली की माश्या चिडतात आणि वसाहतीलाही त्रास होतो.

पाचवी ते सातवीच्या मुलांना निरीक्षण पुरे. करिअरचं बोलणं आठवीपासून पुढे करा. एका वेळी एकच तुकडी घ्या. सगळी शाळा मैदानात बसवून माइकवरून केलेलं भाषण पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचत नाही.

पायरी 2: परवानग्या, आणि डंखाची तयारी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथे हयगय केली तर पुढचं काहीच करू नका.

मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती घ्या. पालकांच्या संमतिपत्रात एक प्रश्न ठळक छापा: ‘पूर्वी माशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर मुलाच्या अंगभर गांधी उठल्या होत्या का, चेहरा सुजला होता का, श्वास लागला होता का?’ उत्तर ‘हो’ आलं तर त्या मुलाला उघड्या पेटीजवळ न्यायचं नाही. त्याला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून वर्गातल्या कामात महत्त्वाची जबाबदारी द्या. मोजणी, नोंदी, चित्रं ही कामंही खरीच आहेत.

डंख बसलाच तर काय करायचं ते मुलांना आधीच शिकवा. कामकरी माशीच्या काट्याला उलटे दाते असतात. तो कातडीत अडकतो, माशी मरते, पण मागे राहिलेली विषाची पिशवी आकसत राहून विष आत ढकलते. म्हणून घाई महत्त्वाची. नखाने खरवडून काटा ताबडतोब काढा, साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नका. डंखाच्या जागी सूज आणि आग होणं नेहमीचं आहे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, यातलं काही दिसलं तर वाट न पाहता 108 ला फोन करा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि त्या वेळी गाडी कोणाची असेल, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं.

एक बारीक गोष्ट: डंखाबरोबर माशी जो धोक्याचा वास सोडते, तो पिकल्या केळ्यासारखा असतो. त्या दिवशी डब्यात केळी आणू नका म्हणावं. अत्तर नको, गडद आणि लोकरी कपडे नकोत.

पायरी 3: मधमाश्यांची ओळख, मुलांच्याच तोंडून

फळ्यावर लिहायच्या आधी विचारा: घराजवळ मोहोळ कुणी पाहिलंय? हात वर होतात. आता त्यांच्या उत्तरांची वर्गवारी करा. कड्याला, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं एकच मोठं पोळं आग्याचं. कुंपणाच्या काटेरी झुडपात, फांदीभोवती धरलेलं हाताएवढं पोळं फुलोरीचं. झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकापुढे एक समांतर पोळी बांधणारी सातेरी. पेटीत राहायला तयार होणारी आपली देशी माशी हीच, कारण तिला मुळात अंधार आणि बंद जागा हवी असते. मैदानी भागातले मधपाळ ज्या मेलिफेरा माश्या पाळतात त्या बाहेरून आणलेल्या. त्यांचा मध जास्त येतो, पण फुलोऱ्यामागे पेट्या हलवत राहावं लागतं.

आग्याबद्दल वेगळं बजावून सांगा. किल्ल्यांवर आणि लेण्यांमध्ये सहलीला गेल्यावर कुणी दगड मारला, फटाका फोडला, खाली धूर केला तर त्याची शिक्षा सगळ्या गटाला भोगावी लागते. माश्या मागे लागल्या तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड झाकून लांब पळायचं, बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं.

पेठ-सुरगाण्यातल्या आश्रमशाळेत जात असाल तर ही पायरी लांबू द्या. तिथल्या मुलांच्या आजोबांना कोणत्या झाडावर कधी मोहोळ धरतं हे पाठ असतं. पाहुण्याने तिथे आधी ऐकावं. मोहोळ जाळून, सगळं पोळं पिळून मध काढण्याची रीत अजून कुठे कुठे आहे. तिला नावं ठेवू नका. पोळ्यात मधाचा भाग वरच्या बाजूला असतो आणि पिल्लं खाली असतात, हे चित्र काढून दाखवा आणि विचारा, पिल्लं वाचवून फक्त मधाचा भाग कसा कापता येईल? मुलं स्वतः उत्तर काढतात.

पायरी 4: काचेची पेटी

पूर्ण वसाहत वर्गात नेऊ नका. एक फ्रेम (पोळं धरलेली लाकडी चौकट) मावेल अशी, दोन्ही बाजूंना काच आणि वर जाळीचा झरोका असलेली पाहणीची पेटी गावातला सुतार बनवून देतो. काचेवर झाकण म्हणून प्लायच्या फळ्या लावा, म्हणजे प्रवासात अंधार राहील. सकाळी लवकर, चांगल्या भरलेल्या वसाहतीतून एक फ्रेम निवडा. तिच्यावर मेणाने बंद केलेल्या घरांतली पिल्लं, थोडा पराग, वरच्या कडेला मध आणि दोन्ही बाजूंना दाट माश्या असाव्यात. राणी त्या फ्रेमवर नाही याची खात्री दोनदा करा. राणी दाखवायचा मोह मला समजतो, पण त्यासाठी वसाहत पणाला लावू नये, सातेरी तर जरा बिनसलं की पेटी सोडून जाते. राणीचा मोठा फोटो न्या. पेटी उन्हात ठेवायची नाही आणि दुपारनंतर फ्रेम आपल्या वसाहतीत परत गेलीच पाहिजे.

वर्गात काचेवरच्या फळ्या काढल्या की पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. मुलांना पाहू द्या. मग तळहात काचेजवळ न्यायला सांगा. पिल्लांचा भाग आहे तिथे काच कोमट लागते. पिल्लांभोवती माश्या 34 ते 35 अंश तापमान राखतात, थंडीत अंग थरथरवून आणि उन्हाळ्यात पाणी आणून पंख हलवून. हा आकडा पुस्तकात वाचलेला मुलगा विसरतो, तळहाताला कळलेला मुलगा विसरत नाही.

मग शोधायला लावा: मोठ्या डोळ्यांचा, जाडसर नर कुठे आहे? त्याला काटा नसतो. परागाचे किती रंग दिसतात? पिवळा, नारिंगी, करडा. प्रत्येक रंग वेगळ्या झाडाचा. पोळ्याच्या उघड्या घरात तळाशी तांदळाच्या कणीसारखं अंडं दिसतं का? मेलिफेराच्या अंड्यातून 21 दिवसांनी कामकरी माशी बाहेर पडते, राणी 16 दिवसांत, नर 24 दिवसांत. सातेरीत हे दिवस थोडे कमी. कामकरी आणि राणी दोघींची अंडी सारखीच असतात, फरक पडतो तो खाण्याने आणि पोळ्यातल्या वाढायच्या घराने. आठवीच्या पोरांना यावर तासभर प्रश्न पडतात. पडू द्या.

वेळ उरला तर मैदानात खडूने माश्यांचा नाच खेळा. फुलं कुठे आहेत हे माशी बाकीच्या माश्यांना पोळ्यावर नाचून सांगते. उभ्या पोळ्यावर माशी सरळ वर तोंड करून थरथरली तर अर्थ ‘सूर्याच्या दिशेला’. उभ्या रेषेपासून जेवढा कोन, तेवढाच कोन सूर्यापासून. जितका वेळ थरथर, तितकं अंतर लांब. हे उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. एका मुलाला फुलाची जागा सांगा, त्याने नाचून दाखवायचं, बाकीच्यांनी फूल शोधायचं.

पायरी 5: डोंगळ्यांच्या वावरात

सगळ्या उपक्रमाचा कणा हा आहे, म्हणून याला सर्वांत जास्त वेळ द्या.

शाळेजवळचा कांदा बियाण्याचा प्लॉट शोधा. सिन्नर, चांदवड, येवला, निफाड, कुठेही फार फिरावं लागत नाही, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचाच निघतो. शेतकऱ्याला आधी भेटा आणि एकच गोष्ट पक्की करा, त्या दिवशी आणि आधीच्या दिवसांत फवारणी झालेली नसावी.

गोंडे, म्हणजे डोंगळ्याच्या टोकाचे फुलांचे गुच्छ, उमलायच्या आधी पहिली फेरी. मुलांनी पाच-सहा गोंडे निवडून त्यांवर मलमलच्या पातळ कापडाच्या पिशव्या बांधायच्या, देठाला सैल गाठ मारून. शेजारचे तितकेच, तेवढ्याच आकाराचे गोंडे उघडे ठेवून त्यांना रंगीत दोरा बांधायचा. दुसरी फेरी ऐन फुलोऱ्यात, सकाळी ऊन तापल्यावर. प्रत्येकाने एका उघड्या गोंड्यासमोर पाच मिनिटं बसायचं आणि कोण कोण आलं ते लिहायचं: सातेरी, फुलोरी, आग्या, साधी माशी, भुंगा, मुंगी. तिसरी फेरी गोंडे वाळल्यावर. दोन्ही प्रकारचे गोंडे कागदावर चोळून बी मोजायचं.

यामागचं कारण वर्गात नीट समजावून सांगा. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो छोटी फुलं असतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात, पराग सांडून जातो आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग वेळेवर मिळत नाही, तो दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो. एका बोंडात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. उघड्या गोंड्यातली बोंडं फोडून किती भरली ते पाहा, मग पिशवीतली फोडा. मुलं बोंडामागून बोंड फोडत जातात आणि पिशवीतल्या बोंडांत बहुतेक जागा रिकाम्या निघतात. ही बी किलोच्या भावाने विकली जाते हे त्यांना घरून माहीत असतं. पुढचं गणित त्यांना शिकवावं लागत नाही.

इथेच खरं तेही सांगा: द्राक्षाला मधमाशीची गरज जवळपास नाही, टोमॅटोचं फूल आपल्याच परागावर फळ धरतं. काकडी, कारली, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी, तिथे माशीशिवाय भागत नाही. डाळिंबात मधमाश्या असल्या तर फळधारणा सुधारते. ‘मधमाशी नसेल तर सगळी शेती बुडेल’ असं मोघम सांगितलं तर द्राक्षबागायतदाराचा हुशार मुलगा उठून प्रश्न विचारेल, आणि त्याचंच बरोबर असेल.

पायरी 6: पेटीभोवतीची माणसं दाखवा

आता करिअर. ‘मधपाळ व्हा’ एवढंच सांगू नका. एका पेटीभोवती किती जणांना काम मिळतं ते मांडा.

आपल्या जिल्ह्यात सर्वांत आशेचं मला वाटतं ते परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देण्याचं काम. यात कसब आहे. पाच-दहा टक्के फुलं उमलली की पेट्या न्यायच्या. त्याआधी नेल्या तर माश्या दुसऱ्या फुलांची वाट धरतात. पेट्या रात्री हलवायच्या, दारं बंद करून. शेतकऱ्याशी लेखी बोलणं करायचं: किती पेट्या, किती दिवस, फवारणी करायची झाली तर किती आधी कळवणार, फवारणी संध्याकाळीच होणार ना, शेजारच्या बागेत काय चालू आहे. नाशिकमध्ये फवारणी हा या धंद्यातला सर्वांत मोठा धोका आहे. ज्याला शेतकऱ्याची भाषा आणि औषधांच्या लेबलावरचा मजकूर दोन्ही कळतं, तोच इथे टिकतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुला-मुलींचं पारडं म्हणूनच जड आहे.

बाकीची कामं एकेका वाक्यात दाखवली तरी चालतील. पेट्या, फ्रेम आणि स्टँड बनवणारा सुतार. ज्यावर माश्या पोळं बांधतात ते फ्रेममध्ये बसवायचे मेणपत्रे तयार करणारा. राण्या वाढवून विकणारा, ज्याला बारीक नजर आणि कमालीची शिस्त लागते. इमारतीला लागलेलं मोहोळ न मारता दुसरीकडे हलवणारा. मधाची तपासणी करणारा प्रयोगशाळेतला माणूस: मधात पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं हा नियम आहे, आणि पाण्यात थेंब टाकून किंवा कागद जाळून भेसळ कळत नाही, त्यासाठी यंत्र आणि शिक्षण लागतं. कीटकशास्त्रज्ञ, प्रशिक्षक, मेणापासून मलम-मेणबत्त्या करणारे बचत गट.

एक काळजी घ्या. पेटी उघडायला मुलगे आणि लेबल चिकटवायला मुली, अशी वाटणी आपसूक होते. डंखापासून चेहरा वाचवणारा मधपाळाचा जाळीचा बुरखा मुद्दाम आधी मुलीच्या हातात द्या.

आणि अडचणी लपवू नका. पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. दुबळ्या वसाहतीत मेणकिडा शिरतो, मेलिफेरावर व्हरोआ हा माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक कोळी पडतो, मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात. सातेरीच्या एका वसाहतीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो, मेलिफेराच्या पेट्या फुलोऱ्यामागे फिरवल्या तर त्याच्या कितीतरी पट. पेटीचा, वसाहतीचा, भाड्याचा आजचा दर तुम्ही सांगू नका. मुलांना दोन मधपाळांना विचारून आणू द्या आणि दहा पेट्यांचा वर्षाचा जमाखर्च वहीत मांडू द्या. दोन वसाहती मेल्या असं धरून पुन्हा मांडायला लावा.

पायरी 7: पुढचा पत्ता हातात द्या

ऐकून उत्साह आलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी कुठे जायचं, हे कागदावर लिहून द्या.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं आणि साहित्यावर 50 टक्के अनुदान आहे. वैयक्तिक मधपाळासाठी वय 18 पूर्ण आणि साक्षर असणं पुरतं, मध केंद्र चालवणाऱ्या केंद्रचालकासाठी दहावी उत्तीर्ण आणि 21 वर्षं. चौकशी मंडळाच्या नाशिक जिल्हा कार्यालयात करायची. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तिथून जवळचं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ 2022 मध्ये जाहीर झालं, शाळेची सहल त्या बाजूला जाणार असेल तर थांबा. पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, 1962 पासूनची. नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि त्र्यंबक रस्त्यावर त्र्यंबक विद्यामंदिरात खादी आयोगाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रामीण तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था. यंदा कोणते वर्ग आहेत ते फोन करून विचारा. कांदा बियाण्यात रस घेणाऱ्या मुलांना चितेगाव फाट्यावरच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाचे प्लॉट पाहायला न्यावं, अर्थात आधी परवानगी घेऊन.

शिक्षणाच्या वाटा अशा: दहावीनंतर कृषी तंत्र पदविका, किंवा लाकूडकामाची आवड असेल तर आयटीआयचा सुतार ट्रेड. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन बीएस्सी कृषी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, आणि पुढे कीटकशास्त्रात एमएस्सी. प्राणीशास्त्र किंवा अन्नतंत्रज्ञान घेऊनही याच क्षेत्रात येता येतं.

अठरा पूर्ण होईपर्यंत मधल्या वर्षांत मुलाने काय करायचं? परिसरात कोणतं झाड कधी फुलतं त्याची वही ठेवायची: शेवगा, काटेसावर, पांगारा, करंज, जांभूळ, हिरडा, कडुनिंब, बोर. तारीख, जागा, फुलावर कोण आलं. चार वर्षांची अशी वही असलेला मुलगा प्रशिक्षणाला गेला की पेट्या कुठे आणि कधी ठेवायच्या हे त्याला शिकवावं लागत नाही. फुलोऱ्याचं हे स्थानिक वेळापत्रक कुठल्याही पुस्तकात तयार मिळत नाही, आणि मधपाळाचं निम्मं यश त्यावरच ठरतं.

पायरी 8: एका भेटीवर सोडू नका

तुकडीतले तीन-चार जण या कामात खरोखर गुंततात. त्यांची नावं लिहून ठेवा. महिन्यातून एखाद्या रविवारी, पालकांना सोबत घेऊन, त्यांना पेटी तपासताना पाहू द्या. माश्या शांत करायला वापरतात ते धुराडं पेटवणं, फ्रेम सरळ धरून उलटवणं, नोंद लिहिणं, एवढंच काम द्या. मध काढायच्या दिवशी आवर्जून बोलवा. बाटली आता बाहेर काढायला हरकत नाही, फक्त घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवायचा नाही हे सांगून द्या.

जूनमध्ये शाळा उघडली की मोजलेल्या बियांचा तक्ता नव्या आठवीच्या वर्गात लावा, आणि तो समजावून सांगायचं काम गेल्या वर्षीच्या मुलांना द्या. मलमलच्या पिशव्या धुऊन ठेवलेल्या असतील, तर पुढच्या जानेवारीसाठी शेतकऱ्याशी बोलणं तेवढं बाकी राहतं.